मालसुनचं बाकडं आणि कमरेची मास्तरीण

मालसुनला माणसाचं तोंड बघून काही कळत नसे. पाठ दाखवा, मग बघा. एकतीस वर्षं ती कोरियातल्या बुसान शहराच्या येंगदो बेटावर, चढावरच्या सोनामू न्हाणीघरात बायकांची अंगं घासत होती. हातात हिरवा खरबरीत मोजा चढवला आणि बाई बाकड्यावर पालथी पडली, की तिला सगळं कळायचं. ही कुठल्या कुशीवर झोपते, हिनं कुठल्या कडेवर पोरं वाढवली, ही दिवसभर कुणावर दात खाते. मळ निघायचा तो वरचा. आतलं ती बोटांनी वाचायची. शाळा तिनं तीनच वर्षं पाहिली होती, पण हे वाचायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि तिचीच कंबर एका सकाळी तिला न विचारता गेली.

थंडी नुकती पडली होती. बाकड्यावर सत्तरी ओलांडलेली मासळीवाली, साबणानं निसरडी झालेली. मालसुननं नेहमीसारखे तिच्या बगलेत हात घालून तिला उठवलं, आणि माकडहाडाच्या वर कुणी खिळा ठोकावा तसं झालं. हात सुटले. म्हातारी काठावरून घसरली. फरशीवर डोकं आपटणार, एवढ्यात शेजारच्या नळावरच्या दोघींनी तिला वरच्या वर धरली. लागलं कुणालाच नाही. पण मालसुन चार पायांवर, जनावरासारखी, ओल्या फरशीवर, आणि वीस-बावीस उघड्या बायका डोळे फाडून तिच्याकडे बघतायत.

मालकीण गुमोक तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. गिऱ्हाईक पांगल्यावर तिनं मालसुनला गल्ल्यापाशी बसवलं आणि पुढ्यात जवाचं गरम पाणी ठेवलं.

"ताई, आज नशीब बलवत्तर म्हणून वाचलो. उद्या एखादीचं डोकं फुटलं तर?"

"एकतीस वर्षांत कुणाला ओरखडा आला का?"

"नाही आला. म्हणून तर तुला वेळ देते. सल्लालच्या आधीचा शनिवार. पहाटे पाच ते दुपारी दोन. बाकडं एकटीनं चालवून दाखव, कुणाचा हात न घेता. जमलं तर बाकडं तुझं, तुझे हात चालतील तोवर. नाही जमलं तर किमहे गावची जंगनान तुझ्या जागी येईल. तिला मी शब्द दिलाय."

सल्लाल म्हणजे नवं वर्ष. त्याआधी अख्खं बेट न्हाणीघरात लोटतं. मागच्या वर्षाचा मळ घेऊन कुणी वाडवडिलांपुढे वाकत नाही. त्या शनिवारी धडधाकट बाईलाही संध्याकाळी चमचा उचलवत नाही. गुमोकनं दिवस बरोबर निवडला होता.

"तू हे ठरवून केलंस," मालसुन म्हणाली.

"हो, ठरवूनच केलं," गुमोक म्हणाली.

बाकडं गेलं तर पुढे काय, हे मालसुनला पाठ होतं. उल्सान. तिथं मुलाचं, थेग्यूचं, एकोणिसाव्या मजल्यावरचं घर, आणि त्यात तिच्यासाठी कधीपासून तयार असलेली खोली. सून वाईट असती तर बरं झालं असतं, वाईट सुनेशी भांडता तरी येतं. ही "आई, तुम्ही बसा" म्हणायची. पाणी हवं? बसा. भात लावते म्हटलं? बसा. तिथं चार दिवस राहिली की मालसुनला वाटायचं, आपल्याला धुऊन, पुसून, कपाटात ठेवलंय.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून घेतला, त्यातल्या कमरेच्या मणक्यावर पेनचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "कापाकापी नको. कुणी जाणता शिकवणारा बघा आणि कमरेभोवतीचं मांस घडवून घ्या. एकाला एक शिकवणारा. टीव्ही बघून करू नका."

आता शिकवणारा निवडायचा तर मालसुनची रीत ठरलेली. वस्तीत व्यायामशाळा चार. तिथं शिकवणाऱ्यांत बायका दोन, आणि दोघी इथंच न्हायला यायच्या. जाहिरातीच्या चिठ्ठ्या वाचायच्या कशाला? त्यांनाच बाकड्यावर पाडायचं.

पहिली हेरिम. सत्तावीस वर्षांची. तिच्या व्यायामशाळेच्या काचेवर तिचाच फोटो होता, तेल लावून चमकवलेला, पोटावर फरशा बसवल्यासारखे चौकोन. मालसुननं तिची पाठ घासली आणि हात मध्येच थांबला. अशी पाठ तिनं एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. दोन्ही खांदे एका रेषेत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना भरीव वरंबे, कुठं गाठ नाही, कुठं ओढ नाही. जणू कुणी आत्ताच बनवून दिलीय.

"कुणी केलं गं हे?"

"मीच केलं, आई. चार वर्षं लागली." आवाज मधासारखा. "तुमच्या हातात काय जोर आहे! तुम्ही तर माझ्यापेक्षा धडधाकट!"

दुसरी इन्सुक. पंचेचाळिशीची, बुटकी, रुंद. उजव्या गुडघ्यावर सुरीनं कोरल्यासारखा व्रण, डावा खांदा दोन बोटं खाली, पोट मऊ. मालसुनच्या मनात आलं, हिला स्वतःचं धड सरळ ठेवता आलं नाही, ही माझी कंबर काय सरळ करणार? त्यातून ही बया गप्प पडेना. पालथी पडलेल्या बाईला दिसतं काय? घासणारीचे पाय. दहा मिनिटं ते बघून झाल्यावर खालून आवाज आला.

"मावशी, जोर लावताना तुमची डावी टाच उचलली जाते. कधीपासून?"

"मळ काढायला आलीयस की माझ्या टाचा मोजायला?"

"दुखतं म्हणून उचलता, की उचलता म्हणून दुखतं?"

मालसुननं तिच्या मांडीवर फटकन चापट मारली. म्हणजे उलट फीर. चापट जरा जास्तच जोरात बसली.

निवड झाली. हेरिम.

आणि पहिले तीन आठवडे मालसुनला वाटलं, आपण सोनं निवडलंय. हेरिम तिला दारातच मिठी मारायची. कोवळी पोरं-पोरी घाम गाळत असायची आणि हेरिम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बघा, आई चौसष्टच्या आहेत! लाजा वाटू द्या!" दुसऱ्या आठवड्यात लोखंडी दांडा आला. जमिनीवरून उचलायचा आणि मांडीपर्यंत आणायचा. मालसुननं उचलला. बाजूला चकत्या लागल्या. तेही उचललं. हेरिमनं टाळ्या वाजवल्या आणि काचेवर स्वतःच्या फोटोशेजारी मालसुनचा फोटो लावला.

दुखत होतं. पहिल्या दिवसापासून दुखत होतं. कमरेतून एक तार निघायची आणि डाव्या टाचेपर्यंत झणझणत जायची. पण ते बोलणार कसं? लेकीच्या वयाच्या पोरीपुढे चौसष्ट वर्षांच्या बाईनं "आई गं" म्हणायचं? आणि हेरिम विचारणार कशी? मोठ्या माणसाला "तुम्हाला जमतंय ना" असं विचारणं म्हणजे जमत नाही असं म्हणणं, हे तिला तिच्या आईनं लहानपणीच शिकवलेलं. मालसुन दात आवळून हसायची. हेरिमला फक्त हसू दिसायचं.

"आई, अजून एकदा?"

"आण."

सल्लालच्या आधीच्या शनिवारला पाच आठवडे राहिले असताना, त्या "आण"नंतर दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि मालसुनच्या अंगातलं सगळं जागच्या जागी थांबलं. दांडा खाली आदळला. ती उभीच राहिली, वाकडी, वारा लागलेल्या झाडासारखी. बसता येईना, सरळही होता येईना.

हेरिम रडायला लागली. "आई, तुम्ही सांगायचं होतं ना! एकदा तरी सांगायचं होतं!"

मालसुनला तिला फाडून खायचं होतं. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी घराच्या पंचेचाळीस पायऱ्या ती कठड्याला धरून, बाजूला तोंड करून, खेकड्यासारखी चढली. चार दिवस जमिनीवर पडून होती. वर छताकडे बघत तिनं त्या सुंदर पाठीचा विचार केला. पोरीनं स्वतःचं अंग घडवलं होतं, खरंच घडवलं होतं. बोटांनी वाचलेलं काही चुकलं नव्हतं. पण पाठ फक्त तिची होती. दुसऱ्याचं अंग तिला दिसतं का, हे त्या पाठीवर कुठं लिहिलेलं असणार?

पाचव्या दिवशी थेग्यूचा फोन आला.

"आई, खोलीला नवा कागद लावलाय. फिकट निळा. तुला आवडतो ना?"

"मला कधी आवडला निळा?"

"आई, हट्ट पुरे झाला."

तिनं फोन ठेवला, कोट चढवला आणि निघाली.

इन्सुकची व्यायामशाळा म्हणजे तांदळाच्या वड्यांच्या दुकानावरची एक खोली. काचेवर फोटो नाही. आत चार लाकडी खुर्च्या, काही दोऱ्या, थोडं लोखंड. इन्सुकनं तिला दारात वाकडी उभी पाहिली आणि कुठलाही आनंद दाखवला नाही, दयाही दाखवली नाही.

"चार आठवडे आणि दोन दिवस आहेत माझ्याकडे," मालसुन म्हणाली. तिनं काय हवंय ते सांगितलं. शनिवार, पाच ते दोन, एकटीनं.

"दुखतं कुठं?"

"आता नाही दुखत."

"मग घरी जा."

"काय?"

"दुखत नाही तर इथं काय काम? दारापासून या खुर्चीपर्यंत तुम्ही दोनदा श्वास कोंडलात. मावशी, मला तुमचं तोंड नकोय. तोंड खोटं बोलतं. पण मला तुमचा श्वासही चोरून वाचायला लावू नका, वेळ जातो. ज्या दिवशी खोटं बोलाल त्या दिवशी घरी."

इतकं उर्मट तिच्याशी तिचा नवराही बोललेला नव्हता. आणि तो तर दारू पिऊन बोलायचा. मालसुन वळली. पण वळताना तार झणझणली आणि ती भिंतीला टेकली.

"डाव्या ढुंगणातून," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मांडीच्या मागून. टाचेत येऊन मुंग्या."

"आता बसा," इन्सुक म्हणाली.

दोन आठवडे इन्सुकनं तिच्याकडून काय करून घेतलं? खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. पाठीला झाडूचा दांडा लावून वाकायचं, दांडा डोकं, पाठ आणि ढुंगण तिन्हीकडे टेकलेला राहिला पाहिजे. जमिनीवर उताणं पडून एक पाय उचलायचा. बस.

"हे तर माझी नात करते."

"नात बरोबर करते. तुम्ही चुकीचं करता."

"एकदा तरी छान म्हण की गं. तोंड झिजतं का तुझं?"

"छान झालं की म्हणेन."

एका दुपारी मालसुननं विचारलंच, "तुझा गुडघा कुणी फाडला?"

इन्सुक खुर्च्या पुसत होती. "शाळेच्या संघात वजनं उचलायचे. सतराव्या वर्षी मास्तर म्हणाले, अजून एकदा. गुडघा आधीच ओरडत होता. मास्तरांना नाही म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मला विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं." तिनं फडकं पिळलं. "चला. उठा, बसा."

तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघर बंद व्हायच्या वेळेला इन्सुक तिथं आली आणि मालसुनला म्हणाली, दाखवा, काम कसं करता. मालसुननं एका शेजारणीला बाकड्यावर घातली. इन्सुकनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मग एक उपडं घंगाळ आणून बाकड्याच्या पायाशी ठेवलं. "एक पाय यावर. दर पाठीला पाय बदला. जोर हाताचा नाही, मागच्या पायाचा. ढुंगण मागे. अजून मागे. लाजताय कुणाला, इथं सगळ्या नागड्याच आहेत." शेजारीण पालथी पडल्या पडल्या खदखदून हसली. मालसुननं पाय ठेवला, जोर लावला, आणि तार झणझणली नाही. पहिल्यांदाच.

अडलं ते शेवटच्या गोष्टीवर.

"म्हाताऱ्यांना बाकड्यावरून उठवून खाली उतरवणं बंद. ते दोघींचं काम आहे," इन्सुक म्हणाली.

"ते एकटीनंच करायचंय! त्यासाठीच तर तुझ्याकडे आले!"

"वाकणं शिकवलं. उभं राहणं शिकवलं. साबण लावलेलं पासष्ट किलोचं अंग, जे स्वतः उठू शकत नाही, ते ओल्या फरशीवर एकटीनं उचलायला मी पैलवानालाही शिकवणार नाही. टाचेत मुंग्या आल्या की थांबायचं. तिथून पुढचं जे काही होतं ते तुमच्या हातात राहत नाही."

"आणि थांबले तर बाकडं जाईल."

"जाईल."

"मग तुझा उपयोग काय?"

इन्सुकनं खांदे उडवले. एक खांदा दोन बोटं खाली होता, तसाच उडाला. "तुम्ही कधी थांबायचं ते मी सांगू शकते. तुमच्या जागी थांबू शकत नाही."

तो शनिवार उजाडायच्या आतच न्हाणीघर भरलं. बाकड्यापाशी भिंतीवर खुंट्या होत्या. ज्यांना अंग घासून घ्यायचं, त्यांनी आपल्या कपाटाची किल्ली खुंटीवर अडकवायची, म्हणजे नंबर लागला. साडेपाचला तेरा किल्ल्या लटकत होत्या. वाफेत गुमोक प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. पलीकडच्या नळावर एक पन्नाशीची उंच बाई हळूहळू केस धूत होती. तेच केस तिनं तीनदा धुतले. मालसुननं न विचारताच ओळखलं. जंगनान. आपलं होणारं बाकडं बघायला आलीय.

इन्सुक सातला आली. मालसुनकडे न बघता तिनं आंघोळ केली आणि गरम पाण्याच्या हौदात शिरली.

एक अंग, दुसरं, पाचवं. पाय घंगाळावर, ढुंगण मागे, श्वास सोडत जोर. आठवी, नववी. मध्ये दोन घोट पाणी. बायका नेहमीसारख्या बोलत होत्या.

"मावशी, जरा हळू, कातडं ठेवा की."

"कातडं कुठलं, गेल्या सल्लालपासूनचा मळ आहे हा. नवऱ्याला दाखवू का गुंडाळी करून?"

हशा झाला. मालसुनही हसली, पण तिचं अर्धं लक्ष डाव्या टाचेत होतं. टाच गप्प होती. अकरा. बारा. साडेदहा वाजले. गुमोकच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण तिनं स्टूल जरा पुढे ओढलं. जंगनाननं केस धुणं सोडलं आणि सरळ बघत बसली.

तेरावी उतरली तेव्हा कमरेत पहिला खिळा लागला, बारीक. मालसुननं पाय बदलला आणि श्वास सोडला. तो गेला.

चौदावी किल्ली कुणाची, तर गुमोकच्या सासूची. वय अठ्ठ्याऐंशी, अंगानं भरलेली, गुडघे केव्हाच संपलेले. गुमोकच्याच धाकट्या जावेनं तिला चाकाच्या खुर्चीतून आणून बाकड्यावर टेकवली होती आणि निघूनही गेली. मालसुननं गुमोककडे पाहिलं. गुमोकनं नजर खाली केली नाही. हे पण ठरवूनच होतं तर.

तिनं म्हातारीला घासलं, पोट, पाठ, कुशी. म्हातारी लहान पोरासारखी हुं हुं करत होती. साबण लावला, पाणी ओतलं, पुन्हा साबण. आता उठवायचं आणि खुर्चीत बसवायचं. मालसुननं बगलेत हात घातले. म्हातारीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि सगळा भार सोडून दिला. बाकड्याच्या काठावर ती अर्धी आत, अर्धी बाहेर, माशासारखी निसरडी.

आणि डाव्या टाचेत मुंग्या आल्या.

पाण्याचा आवाज सगळीकडे चालू होता, तरी मालसुनला तो ऐकू येईना. एवढं एकच. दोन पावलं. खुर्ची दोन पावलांवर होती. त्या दोन पावलांत एकतीस वर्षं होती आणि त्यांच्यापलीकडे निळ्या कागदाची खोली. तिनं हौदाकडे मान वळवली. इन्सुक पाठ करून बसली होती. व्रणाचा गुडघा काठावर, तो वाकडा खांदा, आणि पाठ. मान हलवली नाही, खोकलीही नाही. मालसुनला अशी चीड आली की काय सांगावं. आजच्याच दिवशी हिला पाठ फिरवायला सुचलं! मग तिच्या लक्षात आलं, ती पाठ ताठ आहे. खांद्याखालच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या आहेत. गरम पाण्यात बसलेल्या बाईची पाठ अशी नसते. ही सगळं ऐकतेय, आणि स्वतःला जागेवर दाबून धरून बसलीय.

टाच गेली. म्हणजे तिथं टाच आहे हेच कळेना.

"ए किमहेची!" मालसुन ओरडली. छताला आवाज लागून परत आला. "जंगनान! केस बारा वेळा धुऊन झाले असतील तर इकडे ये! खांदे धर हिचे! पळू नकोस, फरशी ओली आहे!"

जंगनान आली. तिनं मागून धरलं, मालसुननं मांड्या धरल्या, एक, दोन, आणि म्हातारी खुर्चीत बसली. धप्प. मालसुननं हात सोडले आणि बाकड्याचा काठ धरून उभी राहिली. डावा पाय थरथरत होता आणि ते लपवायला जवळ कपडाही नव्हता.



गुमोक स्टुलावरून उठली. "एकटीनं म्हटलं होतं, ताई."

"म्हटलं होतंस. तुझ्या सासूला एकटीनं पाडायचं असतं तर तेही जमलं असतं."

"शब्द शब्द असतो."

"हो. मी कुठं नाही म्हणतेय? पण मी एकटीनं उचलली असती, तर ही आत्ता फरशीवर असती आणि तू माझ्या नावानं रडत बसली असतीस. मला हे आधी कळायला हवं होतं. मासळीवालीच्या वेळेलाच कळायला हवं होतं. मी तेव्हाही ओरडले नाही."

"ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडा," खुर्चीतून सासू म्हणाली, "पण आधी माझ्या अंगावर पाणी ओता. साबण डोळ्यात चाललाय."

कुणीतरी हसलं. जंगनाननं घंगाळ भरून हळूच पाणी ओतलं. तिचे हात मोठे होते, सवयीचे. मालसुननं ते पाहिलं. वाईट घासणारी नव्हती ती. तेही वाईटच.

गुमोकनं खुंट्यांकडे पाहिलं. सात किल्ल्या लटकत होत्या आणि दारातून आणखी दोघी येत होत्या. तिनं मान खाजवली, जशी ती हिशेब जमत नसला की खाजवायची.

"बाकडं तुझं एकटीचं राहणार नाही, ताई."

मालसुननं बाकड्याचा काठ अजून घट्ट धरला.

"दुसरं बाकडं माळ्यावर पडलंय," गुमोक पुढे म्हणाली. "ते खाली काढून घेते. सोमवारपासून दोघी. जिला उचलायला लागेल, तिथं दोघींचे चार हात. नको असेल तर आत्ताच सांग, थेग्यूला मी स्वतः फोन करते."

एकतीस वर्षं या भिंतीपाशी एकच बाकडं होतं. बायका "बाकड्यावर जाते" म्हणायच्या, "मालसुनच्या" हा शब्द कुणाला लावावाच लागला नव्हता. आता लावावा लागणार. मालसुननं तो घास गिळला.

"डावीकडं लाव ते," ती शेवटी म्हणाली. "उजवीकडचा नळ माझा. आणि हिला सांग, पाठीतून वाकू नकोस म्हणावं. आत्ता कशी वाकली बघितलंस ना? पन्नाशीतच जाईल कामातून."

"मला काय सांगताय, तुमचीच कंबर बघा आधी," जंगनान म्हणाली.

"बघतेय बघतेय. जीभ आहे तुला. बरं झालं."

हौदातून इन्सुक बाहेर आली, टॉवेल डोक्याला गुंडाळत. मालसुनच्या शेजारून जाताना थांबली आणि तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं.

"आज अजून काम करायचं नाही. सोमवारी या, दहाला."

"सात जणी खोळंबल्यात."

"खोळंबू द्या. नाहीतर जंगनानताई आहेत."

मालसुननं खुंटीवरची पंधरावी किल्ली काढली, हातात धरून एकदा सगळ्या ओल्या, वाफाळलेल्या बायकांवरून नजर फिरवली, आणि ती किल्ली, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या बाईच्या हातात ठेवली.